चादरीच्या मधोमध

टॉडमॉर्डन,
१४ ऑक्टोबर, सोमवार दुपार

प्रिय मॅज,

नाताळाला अजून अडीच महिने आहेत आणि माझं पाकीट आलं, म्हणजे कुणीतरी गेलं असणार असं तुझ्या मनात आलं असेल. कुणी गेलेलं नाही. मीही धडधाकट आहे, एक उजवा खांदा सोडला तर. तेव्हा आधी चहा कर, चष्मा शोध आणि खिडकीपाशी नीट बस, कारण हे पत्र लांबणार आहे. पस्तीस वर्षं आपण एकमेकींना कार्डावर दोन ओळी लिहीत आलो. तू लिहायचीस, 'व्हिटबीला वारा फार आहे.' मी लिहायचे, 'इथे पाऊस फार आहे.' दोन सख्ख्या बहिणी नव्हे, दोन वेधशाळाच म्हणायच्या! बाकीचं सगळं साचत राहिलं आणि आता एकदम बाहेर पडायला बघतंय.

बातमी अशी, की तुझ्या बहिणीनं पुस्तक लिहिलंय. हसतेस ना? हस, मलाही अजून हसू येतं. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले, निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहीनात, म्हणून ग्रंथालयात जाऊन बसायला लागले. तिथे जुन्या काळच्या गृहिणींसाठी लिहिलेली पुस्तकं होती. शेगडीला काळा रंग कसा लावावा, मोलकरणीनं जिन्यात मालकीण दिसली तर भिंतीकडे तोंड करून कसं उभं राहावं, असलं सगळं. वाचता वाचता मी वहीत टिपायला लागले, आणि टिपता टिपता त्यातून एक मुलगी उभी राहिली. निळ्या वह्या, स्वयंपाकघरातलं टेबल आणि नऊ वर्षं. शेवटी लीड्सच्या एका छोट्या प्रकाशनानं ती कादंबरी घेतली. मार्चमध्ये येणार आहे. तिथली संपादिका रोवेना म्हणून आहे, माझ्या नातीच्या वयाची. तिनं फोनवर अगदी दबकत विचारलं, "एडना, मागच्या पानावर तुमचं वय छापलं तर चालेल का? शहात्तराव्या वर्षी पहिली कादंबरी म्हणजे लोकांना कौतुक वाटेल." मी म्हटलं, "छाप की पोरी, वजन तेवढं छापू नकोस."

कादंबरीचं नाव 'कोठीची किल्ली'. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका मोठ्या घरात कामाला लागलेल्या मुलीची गोष्ट आहे. मोठं घर कुठलं आणि मुलगी कुठली, हे तुला सांगायला नको. आत्ता तू ओठ घट्ट मिटले असशील, आईसारखे. ते तसेच मिटून पुढे वाच. पुढच्या सोमवारी शेवटचं प्रकरण रोवेनाकडे परत गेलं पाहिजे, नाहीतर पुस्तक मार्चमध्ये निघत नाही. आणि ते तुला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही, असं मी ठरवलंय. का, ते सांगते. पण मला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तू जाणतेस. बटाटा सोलावा तशी मी गोल गोलच जाणार.

आपल्या घरचा सोमवार आठवतो का? धुण्याचा वार. सगळं घर वाफेनं भरलेलं, खिडक्यांवर पाणी, जेवायला रविवारचं उरलेलं थंडगार मटण. आणि दुपारी, चादरी वाळल्या की आई हाक मारायची, "पोरींनो, घड्या!" दोन टोकं तू धरायचीस, दोन मी. ताणायचं, झटकायचं, अर्ध्यात दुमडायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकं हातात द्यायची. तू नेमकी मी बेसावध असताना हिसका द्यायचीस, टोकं माझ्या हातातून सुटायची आणि अख्खी चादर फरशीवर. आई ओरडायची, "मॅज, आता ती परत धुवायची तुझ्या बापानं का?" तू इतकी हसायचीस की तुला उभंही राहता येत नसे. मी मोठी, म्हणून मी रागावल्यासारखं करायचे. खरं तर मी त्या हिसक्याचीच वाट बघत असायचे.

त्या सगळ्या चादरींत एक चादर कधीच नसायची. ती आईच्या कपाटात, वरच्या फळीवर, पातळ कागदात गुंडाळलेली. आपल्या पणजीची, थिर्झाची. क्रॅगशॉ हॉल या मोठ्या घरात ती चौदाव्या वर्षी कामाला लागली आणि अकरा वर्षं राहिली. हात चांगला, म्हणून घरातल्या चादरी-टॉवेलांवर खुणा भरायचं काम तिच्याकडे. लाल दोऱ्यानं, फुलीच्या टाक्यानं, घराचं अक्षर, चादरीचा क्रमांक आणि साल. लग्न ठरलं म्हणून ती काम सोडून खाली गावात आली. पहिल्या धुण्याला दोरीवर चादर वाळत घातली आणि पाद्रीबुवांच्या बायकोला तिच्यावर ती लाल खूण दिसली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. थिर्झा म्हणत राहिली, "मला मिसेस प्रिडींनी दिली." मिसेस प्रिडी म्हणजे तिथल्या हाऊसकीपर, कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. पण त्या बाई त्याच हिवाळ्यात वारल्या होत्या. हॉलच्या मालकीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मी कुणालाही चादर दिलेली नाही." झालं. वर्तणुकीचा दाखला मिळाला नाही, आणि दाखल्याशिवाय तेव्हा कुठलं घर दार उघडतंय? जन्मभर लोकांचे कपडे धुतले तिनं. ती म्हातारी झाली तरी गल्लीतली पोरं मागून ओरडायची, "आजी, आमच्या दोरीवरच्या मोजून ठेवल्यात हं!"

आपल्यापर्यंतही ते आलंच की. मला शाळेत 'चादरचोर' म्हणायचे, तुला 'चादरचोराची धाकटी'. तू एकीच्या झिंज्या उपटून आलीस. मी मान खाली घालून यायचे. बाबा तर जेवताना हमखास तो विनोद करायचे, "तुझ्या आजीची कमाल आहे बुवा! चोरी केली ती केली, नाव-नंबरासकट केली! लाल दोरा उसवायला दोन मिनिटं लागली नसती. चोरी करायलासुद्धा थोडी अक्कल लागते." सगळे हसायचे. आई हसायची नाही. ती म्हणायची, "बटाटे गार होतायत." हे वाक्य मी माझ्या कादंबरीत जसंच्या तसं घातलंय.

आता कादंबरीकडे येते. माझी नायिका शेवटच्या प्रकरणात चोरी करते. मिसेस प्रिडींसारख्या बाई आजारी असताना त्यांच्या उशाखालून किल्ली काढते, कोठी उघडते, चादर काढून कमरेला गुंडाळते, वरून झगा घालते आणि भर दुपारी पुढच्या दारानं बाहेर पडते. अकरा वर्षं मागच्या दारानं ये-जा केलेली मुलगी पुढच्या दारानं! रोवेनाला ते फार आवडलं. म्हणाली, "वाचताना माझ्या छातीत धडधडत होतं." मलाही वाटलं, मी थिर्झावर उपकारच केले. चोरी तर चोरी, पण निदान रुबाबात. नऊ वर्षं मी त्याच समाधानात होते.

मागच्या मंगळवारी छापायच्या आधीची पानं तपासायला आली. रोवेनानं कडेला पेन्सिलीनं बारीक बारीक शंका काढलेल्या. शेवटच्या प्रकरणात एका वाक्याखाली रेघ होती. तिनं लिहिलं होतं, "तिसऱ्या प्रकरणात तुम्ही म्हणता, खूण चादरीच्या कोपऱ्यात भरायचे. इथे मात्र नायिकेला ती 'मधोमध, उशीच्या बाजूला' दिसते. कुठली बरोबर?" मी तिला फोन केला. ती म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात! 'मधोमध' काढून 'कोपऱ्यात' घाला, काम झालं." खरंच, एका शब्दाचं काम. मी पेन्सिल घेतली आणि हात थांबला. कारण तिसरं प्रकरण मी ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून लिहिलं होतं. शेवटचं लिहिलं होतं ते डोळ्यांनी पाहिलेलं. मी सहा-सात वर्षांची असताना आईनं ती चादर एकदा मला उघडून दाखवली होती, आणि खूण मधोमध होती. मला पक्कं आठवत होतं, कारण मी विचारलं होतं, "आई, हे लाल मानेला टोचत नाही का?"

म्हणून मी उठले. स्टुलावर चढले (ओरडू नकोस) आणि कपाटावरून ती चादर ठेवलेली पिशवी खाली काढली. हो मॅज, ती माझ्याकडेच आहे. मी ती फेकली नाही, दिली नाही, आणि पस्तीस वर्षांत उघडलीही नाही. जेवणाच्या टेबलावर पसरली. वरच्या काठाला, अगदी मध्यावर, लाल दोऱ्यात भरलेली खूण. सी, सात, १८७१. आणि तिला चिकटून, वरपासून खालपर्यंत गेलेली एक शिवण.

मी बोटानं ती शिवण चाचपली आणि खुर्चीवर बसलेच. तुला आत्ताच कळलं असेल, कारण तू आणि मी अशा चादरी ढिगानं शिवल्यात. आई त्याला 'कडा मधे घेणं' म्हणायची. चादर अंगाखाली मधे झिजते, कडा शाबूत राहतात. मग ती मधून उभी फाडायची, दोन्ही कडा मधे आणून जोडायच्या, म्हणजे झिजलेला भाग बाहेरच्या बाजूंना जातो. आणखी पाच-सहा वर्षं निघतात. अशा चादरीच्या कोपऱ्यातली खूण मग कुठे येते? मधोमध. शिवणीला लागून.

म्हणजे ती कोठीतली चांगली चादर नव्हतीच गं. विरलेली, फाडून जोडलेली, नोकरांच्या पलंगांवर आणखी काही वर्षं वापरलेली होती. उजेडाकडे धरली तर बाजूंनी आरपार माझी खिडकी दिसते. असली जुनेरं हाऊसकीपर बाया काम सोडून जाणाऱ्या मुलींना देऊन टाकत. हे मी स्वतःच माझ्या टिपणात लिहून ठेवलंय, दुसऱ्या वहीत, आणि एवढंसुद्धा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मालकीणबाईही खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी नव्हतीच दिली. वरच्या माळ्यावर त्यांच्या मोलकरणी कशावर झोपतात, हे त्यांना कुठे माहीत होतं! आणि बाबांचा तो विनोद आठव. चोरी करायची तर खूण उसवायला दोन मिनिटं. त्या घरातल्या निम्म्या खुणा जिनं स्वतःच्या हातानं भरल्या, तिला दोन मिनिटंही लागली नसती. तिनं उसवली नाही. गावानं थुंकून दाखवलं तरी उसवली नाही. पंचावन्न वर्षं उसवली नाही. आपण त्याला बावळटपणा समजलो.

शपथेवर कुणी सांगू शकणार नाही, हे मला कळतं. पण माझं मन आता हलणार नाही.

मग आणखी एक आठवलं, आणि ते मला त्या शिवणीपेक्षा जड गेलं. त्या दिवशी, मी सहा-सात वर्षांची असताना, आईनं माझं बोट धरून त्या शिवणीवरून फिरवलं होतं. म्हणाली होती, "हात लावून बघ, एडना. नीट बघ." मला वाटलं, टाके किती बारीक आहेत ते दाखवतेय. मी म्हटलं, "छान आहे," आणि खेळायला पळाले. मॅज, आईला माहीत होतं. तिनं त्या चादरीला कधी एकदा तरी चोरीची म्हटलेलं तुला आठवतं का? मला नाही आठवत. ती 'थिर्झाची चादर' म्हणायची. चोरीची म्हणायचे बाबा, आणि गल्ली, आणि मी.

आता पस्तीस वर्षांपूर्वीचा तो गुरुवार. आजवर आपण दोघींनी त्याचं नाव काढलेलं नाही. आई पुढच्या खोलीत निजलेली, पडदे ओढलेले, अंत्यविधीची व्यवस्था बघणारे सटक्लिफ टोपी हातात घेऊन दारात उभे. तू जिन्यावरून ती चादर घेऊन खाली आलीस आणि म्हणालीस, "आईनं सांगितलंय, मला हिच्यावर ठेवा." मी काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतंय. "जन्मभर लोकांचं ऐकून घेतलं, आता शेवटच्या वाटेवरही चोरीच्या चादरीवर झोपवतेस तिला? अर्धं गाव बघायला येणार आहे!" आणि तुझ्या हातातून ओढून घेतली. शाळेतल्या सगळ्या बायका येणार होत्या, मुख्याध्यापक येणार होते, मला त्यांच्यासमोर लाज वाटली. आईची इच्छा मोठी की मुख्याध्यापकांचं तोंड मोठं, यात मी मुख्याध्यापकांचं तोंड मोठं धरलं. बाजारातून आणलेली जांभळ्या फुलांची नायलॉनमिश्रित चादर घातली आईखाली, अंगाला चिकटणारी. तिला नायलॉन कधीच सहन होत नसे. तू मोठ्यानं भांडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "तिनं एकच गोष्ट मागितली होती, एडना." आणि दफन झाल्यावर चहालाही न थांबता चारची बस धरलीस. मी खिडकीतून बघत होते. बाहेर यावंसं वाटत होतं, पण सँडविचं वाढायची होती. माझं असंच, जिथे तोंड द्यायचं तिथे मी वाढायला घेते.

ती कशासाठी मागत होती ते आता कळतंय. अर्ध्या गावानं यावं आणि बघावं, खूण कुठे आहे ते नीट बघावं, म्हणूनच मागत होती. तिला जे तोंडानं कधी बोलता आलं नाही ते तिला निजल्या निजल्या दाखवायचं होतं. आणि मी ते तिच्याखालून ओढून काढलं.

रोवेनाला मी शुक्रवारी सांगितलं, चोरी काढून टाकतेय. ती म्हणाली, "एडना, पुढचं दार गेलं तर मग शेवट काय उरतो?" मी म्हटलं, "एक विरलेली चादर उरते, आणि खरं बोलणारी एक बाई." ती म्हणाली, "त्यावर पुस्तक संपतं का?" मी म्हटलं, "माहीत नाही गं, लिहून बघते." शनिवार-रविवार बसून लिहिलं. तिसऱ्या प्रकरणातला कोपरा तसाच ठेवलाय, शेवटातलं मधोमध तसंच ठेवलंय, आणि त्या दोहोंच्या मधे काय घडलं ते लिहिलंय. पण लिहिता लिहिता गोष्ट थिर्झापाशी थांबेना. पुढे तिची नात आली, नातीला दोन मुली झाल्या, आणि शेवटच्या पानावर एक मुलगी दुसरीच्या हातातून चादर ओढून घेते. नावं वेगळी आहेत, पण टॉडमॉर्डनमध्ये कुणालाही कळेल कोण ते. ओढणारी मी आहे, ते छापायला माझी हरकत नाही, ते मला भोगायलाच हवं. पण जिच्या हातातून ओढली ती तू आहेस, आणि तुझं दुःख तुला न विचारता बाजारात मांडणं म्हणजे मी दुसऱ्यांदा ओढून घेतल्यासारखं होईल. एकदा पुरे झालं. तू नाही म्हणालीस तर ते पान निघेल, थिर्झापाशीच पुस्तक संपेल, आणि मी तुला का म्हणून विचारणार नाही.

आणि आता ज्यासाठी एवढी पानं गोल गोल फिरले ते. चादर मंगळवारपासून जेवणाच्या टेबलावर पसरलेली आहे. मी ताट मांडीवर घेऊन जेवतेय. दुमडून ठेवावी म्हणून दोनदा प्रयत्न केला, पण खांदा वर जात नाही, आणि एवढी मोठी चादर एकटीला दुमडता येत नाही हे आईनंच आपल्याला शिकवलंय. शुक्रवारी व्हिटबीहून सकाळची बस आहे, लीड्सला बदलायची, मी चौकशी केलीय. परतीचं नंतर बघू. आलं घातलेला केक करून ठेवते, तो तीन दिवस मुरला की तुला आवडायचा. तू ये. आधी शिवणीवर हात ठेव, मग पान वाच, मग काय ते बोल, ओरड, काहीही कर. पण त्यानंतर दोन टोकं तू धर, दोन मी धरते. आपल्यापैकी जी आधी जाईल तिच्याखाली दुसरीनं ती घालायची, खूण वर ठेवून, सगळ्यांना दिसेल अशी. मी पाच वर्षांनी मोठी, म्हणजे बहुतेक माझाच नंबर आधी. तूच घालशील, आणि तेव्हा तुझ्या हातातून ओढायला कुणी नसेल. आणि मॅज, मधेच हिसका द्यावासा वाटला तर दे. फरशी मी पुसून ठेवलीय.

दुसरं टोक धरून वाट बघणारी,
तुझीच
एडना